‘कमनशिबी’ हे विशेषण: एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

हे गृहस्थ माझ्याकडे समुपदेशनासाठी आले तेव्हा ३४ वर्षांचे होते. एका मोठ्या संस्थेच्या हिशेब विभागात दहा वर्षं नोकरी, काम चोख, वरिष्ठांशी कधी वाजलेलं नाही. त्यांना इथे ‘भाऊ’ म्हणते, कारण पुढे त्यांची थोरली बहीणही या प्रकरणात येते. ती ‘ताई’. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीला भाऊ दहा मिनिटं उशिरा आले. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, “लिफ्ट मधेच अडकली. मी आत शिरलो की अडकणारच.” सूर तक्रारीचा नव्हता. बाहेर पाऊस पडतोय हे सांगावं, तसं सांगून टाकलं.

मग पाऊण तास ते एकेक पुरावा मांडत गेले. गेल्या दोन वर्षांत वरच्या जागेसाठी सहा मुलाखती दिल्या, सहाही हुकल्या. त्यांतल्या दोनदा नाव यादीत दुसरं होतं. बस नेहमी नुकतीच गेलेली असते. तीन खिडक्यांपैकी ज्या रांगेत ते उभे राहतात तीच अडते. आणि या सगळ्याच्या मुळाशी घरातली एक जुनी गोष्ट: ते जन्मले त्याच महिन्यात वडिलांची नोकरी गेली. “हा आला आणि नोकरी गेली” हे वाक्य घरात कुणी रागाने कधी म्हटलं नाही. हसत म्हणायचे, पाहुण्यांसमोर म्हणायचे. भाऊही हसायचे.

ताईची गोष्ट याच्या बरोबर उलट. हात लावील तिथे सोनं, असा तिचा लौकिक. शिक्षण संपताच चांगली नोकरी, मग तिथेच बढत्या. माझा पत्ता भावाला तिनेच दिला होता.

अडचण

भाऊंच्या कार्यालयात एक जागा निघाली होती. अर्जाची मुदत तीन आठवड्यांनी संपणार होती. वरिष्ठांनी स्वतःहून “अर्ज करा” म्हणून सांगितलं होतं. भाऊंनी ठरवून टाकलं होतं की करायचा नाही. “माझा योगच नाही, तर उगाच कशाला तोंडघशी पडायचं?”

झोप, भूक, कामातला रस, निराशेचे विचार हे सगळं आधी विचारून घेतलं आणि डॉक्टरांकडूनही तपासून घ्यायला सांगितलं. मुलाखतीच्या आदल्या रात्री झोप उडायची, एवढंच निघालं. नैराश्याचा आजार नव्हता. ‘नशीब’ म्हणणारा माणूस कधी कधी मदत मागत असतो, म्हणून ही चौकशी मी टाळत नाही.

माझं लक्ष वेधलं ते त्यांच्या बोलण्याने. आपण सगळेच म्हणतो, “आज नशीब नव्हतं.” भाऊ तसं एकदाही म्हणाले नाहीत. ते म्हणत, “मी कमनशिबी आहे.” पहिल्या वाक्यात नशीब बाहेर असतं, येतं आणि जातं. दुसऱ्यात ते माणसाला चिकटलेलं असतं, उंचीसारखं किंवा डोळ्यांच्या रंगासारखं.

हा फरक मानसशास्त्राच्या दृष्टीनेही कळीचा आहे. बर्नार्ड वायनर यांनी १९७० च्या दशकात यश-अपयशाची कारणं लोक कशी लावतात याची मांडणी केली. क्षमता, प्रयत्न, कामाचा अवघडपणा आणि नशीब ही त्यांतली चार ठळक कारणं. वायनर यांच्या मांडणीत नशीब बाहेरचं आणि अस्थिर. म्हणजे ते एका परीने सोयीचं कारण आहे. आज दान वाईट पडलं, उद्या चांगलं पडेल, माणूस पुन्हा फासे हातात घेतो. पण माणसं नशिबाला नेहमी अस्थिर मानत नाहीत. पीटर डार्क आणि जोनाथन फ्रीडमन यांनी १९९७ साली नशिबावरच्या विश्वासाची मोजपट्टी तयार केली, ती याच फरकावर उभी आहे: काही जणांना नशीब म्हणजे निव्वळ योगायोग वाटतो, तर काही जणांना ते माणसागणिक कमी-जास्त असणारं, टिकून राहणारं काहीतरी वाटतं.

भाऊ दुसऱ्या गटातले, आणि त्यांच्या वाट्याला कमीच आलेलं. क्षमता कमी आहे असं मानणारा माणूस निदान शिकायला तरी बसतो. कमनशिबी माणसाला शिकण्यासारखं काही उरतच नाही. त्याने बसून राहणं हेच शहाणपणाचं ठरतं. तेव्हा भाऊंचा अर्ज न करण्याचा निर्णय त्यांच्या गृहीतकातून अगदी सरळ निघत होता. त्याला आळस किंवा भित्रेपणा म्हटलं असतं तर आमची दुसरी भेट झालीच नसती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय आकड्यांनी पटवायचा. माणूस हिशेबातला आहे, आकड्यांची भाषा त्याला कळेल, असं मला वाटलं. याचं काय झालं ते पुढे येईलच.

दुसरा, त्यांच्याच समजुतीचा उपयोग करून घ्यायचा. भाऊंकडे एक ‘लकी’ पेन होतं, आत्मविश्वासासाठी तसंच काहीतरी बरोबर ठेवायला सांगायचं. हे मोहात पाडणारं आहे. २०१० साली लायसन डामिश आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग गाजला होता. “हा चेंडू लकी आहे” असं सांगून दिलेल्या चेंडूने लोकांनी गोल्फचे फटके अधिक अचूक मारले, असा त्याचा निष्कर्ष. पण २०१४ मध्ये तोच प्रयोग अधिक लोकांवर पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. शिवाय ‘लकी’ वस्तूचा एक साधा तोटा असतो: ती हरवते. भाऊंचं पेन सहाव्या मुलाखतीच्या दिवशी सकाळीच हरवलं होतं.

तिसरा पर्याय घरात रुजलेल्या गोष्टीवर काम करण्याचा, म्हणजे घरच्यांना बोलावण्याचा. चौथा, त्यांना रोजच्या घटनांची नोंद ठेवायला लावायचं आणि ती नोंदच काय बोलते ते बघायचं.

“नशीब वगैरे काही नसतं, सगळं आपल्या हातात आहे” असं सांगण्याचा पाचवा पर्याय होता. तो मी लगेच बाजूला ठेवला. एक तर ते खरं नाही. आणि सहा वेळा नाकारल्या गेलेल्या माणसाला ते सांगणं म्हणजे सहाही वेळा चूक तुमचीच होती, असं म्हणणं.

मी पहिला आणि चौथा पर्याय निवडला. तिसरा नंतरसाठी ठेवला.

काय केलं

दुसऱ्या भेटीत कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आधी बस. समजा, बस सरासरी दर १० मिनिटांनी येते, पण वाहतुकीमुळे एक अंतर ५ मिनिटांचं, पुढचं १५ मिनिटांचं, असं आलटून पालटून पडतं. तुम्ही कधीही थांब्यावर पोचलात, तर १५ मिनिटांच्या अंतरात सापडण्याची शक्यता चारात तीन. सरासरी ताटकळणं ५ मिनिटांचं न होता सव्वासहा मिनिटांचं होतं. बस तुमच्यावर डूख धरून नसते, लांब अंतर लांब असतं म्हणूनच त्यात जास्त माणसं सापडतात. रांगेचंही तेच. तीन रांगांत तुमचीच सर्वांत भरभर सरकण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनातल्या दोन वेळा शेजारची कुठली तरी रांग पुढे जाणारच. ती पुढे गेलेली आपण बघत उभे असतो. आपली रांग पुढे जाते तेव्हा मात्र आपण काम आटपून निघून गेलेलो असतो.

इथवर भाऊ खूश होते. मग मी मुलाखतींवर आले. समजा दर मुलाखतीत निवड होण्याची शक्यता पाचात एक. मग सहाही हुकण्याची शक्यता ०.८ चा सहावा घात, म्हणजे सुमारे २६ टक्के. “तुमच्याच लायकीच्या चार जणांनी सहा-सहा मुलाखती दिल्या, तर त्यांतल्या एकाला सहाही नकार येणं अगदी साहजिक आहे,” मी जरा विजयी सुरातच म्हणाले.

भाऊंनी कागद स्वतःकडे ओढला. गुणाकार तपासला. बरोबर होता. मग म्हणाले, “मग त्या चारांतला तो एक मीच का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. गणित किती जणांना हे सांगतं, कुणाला हे सांगत नाही. आणि नशिबाचा सगळा सल ‘कुणाला’ या शब्दात असतो. मी त्यांचं दुःख सरासरीत बुडवायला निघाले होते.

नोंदवहीची सुरुवातही फसलीच. मी सांगितलं होतं, “दिवसभरात नशिबाने जे जे घडेल ते लिहा.” आठवडाभराने वही आली. बारीक, सरळ अक्षरात अकरा नोंदी, त्यांतल्या नऊ वाईट. छपाईयंत्रात त्यांचाच कागद अडकला. छत्री विसरले त्या दिवशी पाऊस. वही उघडून माझ्यासमोर ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जवळपास समाधान होतं. चूक माझी होती. ‘नशिबाने’ हा शब्द मीच घातला आणि त्यांनी त्या नावाच्या टोपलीत बसेल तेच वेचून आणलं. सुरळीत छापल्या गेलेल्या शंभर कागदांची नोंद कोण करील? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. पण फांदी न तुटता कावळा किती वेळा बसून उडाला, ते कुणी मोजत नाही.

मग रकाने बदलले. नियम एकच: घटना घडायच्या आधी लिहायचं. सकाळी तीन अंदाज, “बस चुकेल”, “साहेब आज फाइल परत करतील” असे. संध्याकाळी पुढे खूण, खरं की खोटं. त्यापुढच्या रकान्यात, यात माझ्या हातात काय होतं. हिशेबाच्या माणसाला हे आवडलं. ताळेबंदासारखं होतं, मागाहून आकडे बदलायची सोय नव्हती. काही दिवसांतच वाईट अंदाजांपैकी निम्म्याहून बरेच कमी खरे ठरले. पण मला महत्त्वाची वाटली ती एक छोटी नोंद. “बस चुकेल” खरं ठरलं होतं आणि पुढे त्यांनीच लिहिलं होतं: “निघायला ४ मिनिटं उशीर. चुकणारच म्हणून घाई केली नाही.”

तिसऱ्या भेटीत पेनाचा विषय निघाला. दहा वर्षांपूर्वी ही नोकरी मिळाली त्या मुलाखतीत ते निळं पेन खिशात होतं, म्हणून ते लकी. बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली आठ कबुतरांवर केलेला प्रयोग मी त्यांना सांगितला. कबुतर काहीही करो, ठरावीक वेळाने दाणे आपोआप पुढ्यात येत. आठांपैकी सहा कबुतरांनी दाणे येण्याच्या सुमारास आपण जे करत होतो तेच पुन्हा पुन्हा करायला सुरुवात केली. एक पिंजऱ्यात घड्याळाच्या उलट दिशेने गिरक्या घेऊ लागलं, एक वरच्या कोपऱ्यात डोकं घालू लागलं. भाऊ मनापासून हसले. “म्हणजे मी दहा वर्षं गिरक्या घेतोय.”

त्या हसण्यामुळे पुढचं शक्य झालं. सहावी मुलाखत, पेन हरवलं तो दिवस, मी त्यांना मिनिटामिनिटाने सांगायला लावली. दार उघडलं, कोण कुठे बसलं होतं, पहिला प्रश्न काय. शेवटाला आले आणि अडखळले. “उठताना डावीकडच्या बाईंनी काहीतरी विचारलं होतं. प्रशिक्षण विभागात काम करायला आवडेल का, असं काहीतरी.” तुम्ही काय म्हणालात? “बघू, म्हणालो.” मग बराच वेळ गप्प. “त्या मला दुसरी जागा सुचवत होत्या का हो?”

शक्य आहे. त्या वेळी भाऊंच्या मनात फक्त पेन होतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांचा एक प्रयोग इथे आठवतो. स्वतःला नशीबवान आणि कमनशिबी म्हणवणाऱ्या लोकांना त्यांनी एक वर्तमानपत्र देऊन त्यातली छायाचित्रं मोजायला सांगितली. दुसऱ्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की मोजणं थांबवा, या अंकात ४३ छायाचित्रं आहेत. नशीबवान म्हणवणाऱ्यांना ते सहसा दिसलं, कमनशिबी म्हणवणारे बहुतेक मोजतच राहिले. हा प्रयोग म्हणजे शेवटचा शब्द असं मी मानत नाही. पण धास्तावलेल्या माणसाची नजर अरुंद होते, हे माझ्या खोलीत रोज दिसतं.

मुदत संपायला पाच दिवस उरले होते. अर्ज अजून केलेला नव्हता. इथे मी तिसरा पर्याय बाहेर काढला आणि भाऊंना विचारून ताईला बोलावलं.

ताई आली, आणि पहिली पंधरा मिनिटं भावाची समजूत घालण्यात गेली. तू हुशार आहेस, प्रयत्न सोडू नकोस. भाऊ जमिनीकडे बघत होते. मी मधेच विचारलं, “तुम्हाला पहिली नोकरी कितव्या प्रयत्नात मिळाली?”

ताई थांबली. भावाकडे एकदा बघितलं. “पंधराव्या.”

भाऊंनी मान वर केली.

“चौदा ठिकाणी नाही म्हणाले,” ताई म्हणाली. “मी वसतिगृहात होते ना. घरी कळवायचं कशाला? मिळाली तेव्हा फोन केला.”

चौदा नकार घरात कुणाला माहीतच नव्हते. घराच्या हिशेबात तिचा एक प्रयत्न आणि एक यश. भाऊ घरीच राहत होते, त्यामुळे त्यांचा प्रत्येक नकार रात्रीच्या जेवणाला सगळ्यांच्या बरोबर बसला. पाचात एक या मघाच्याच हिशेबाने बघा: सहा प्रयत्नांत निदान एकदा यश येण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के, पंधरा प्रयत्नांत ९६ टक्क्यांच्या पुढे. ताईचं सोनं निम्मं-अधिक या फरकातून आलं होतं. हे गणित मी या वेळी बोलून दाखवलं नाही. भाऊंच्या ओठांची हालचाल बघून कळत होतं की ते मनात मांडताहेत.

पण ही गोष्ट इथेच गोड झाली नाही. भाऊ एकदम कडवटपणे म्हणाले, “तुला पंधरा वेळा पडायची सोय होती, ताई. तुझी सुरुवातीची सगळी वर्षं बाबांच्या नोकरीत गेली. तुला वसतिगृहात ठेवलं. माझ्या वेळी पैसेच नव्हते.”

खोलीत शांतता. दोघं माझ्याकडे बघायला लागले, जणू आता मी निकाल देणार. हा या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा क्षण. “असं मनात धरू नये” म्हणून मी विषय पुढे नेऊ शकत होते. ताईची बाजू घेऊ शकत होते, कारण तिने कष्ट केलेच होते. मी म्हणाले, “हे खरं आहे. यात तुमचं नशीब खरोखरच कमी पडलं.”

कुठल्या घरात, कुठल्या वर्षी, घरात पैसा असताना की गेल्यावर जन्म होतो, यात माणसाचा काडीचा हात नसतो. याला नशीब नाही तर काय म्हणायचं? फक्त ते ३४ वर्षांपूर्वीचं नशीब होतं. त्याचा परिणाम आजवर पोचला, हेही खरं. पण लिफ्ट त्याने अडकत नाही. भाऊंनी आयुष्यभर एका खऱ्या अन्यायात शेकडो फुटकळ योगायोग मिसळले होते. त्यामुळे फुटकळ गोष्टी भयंकर वाटत होत्या, आणि खरा अन्याय घरात हसण्यावारी जात होता. तो पहिल्यांदा कुणी तरी मान्य केला. ताई म्हणाली, “मला हे कधी दिसलंच नाही रे.” भाऊ त्यावर काही बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी अर्ज भरला.

निकाल

ती जागा त्यांना मिळाली नाही. यादीत तिसरे आले.

निकालाच्या दिवशीची नोंद त्यांनी मला दाखवली. सकाळचा अंदाज: “निवड होणार नाही.” खूण: खरं. ‘माझ्या हातात काय होतं’ या रकान्यात: “दोन प्रश्नांची तयारी कमी पडली. बाकी ठीक.” आणि खाली, मी न सांगितलेली एक ओळ: “तिसरा आलो त्याचं दुसऱ्यापेक्षा कमी वाईट वाटतंय.”

यावर आम्ही बराच वेळ बोललो. व्हिक्टोरिया मेडवेक, स्कॉट मेडी आणि टॉमस गिलोविच यांनी १९९२ च्या ऑलिंपिकमधल्या विजेत्यांचे चेहरे अभ्यासले होते. कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांपेक्षा अधिक आनंदी दिसले. दुसऱ्याला हातचं गेलेलं सुवर्ण दिसतं, तिसऱ्याला पदकाविना परतणारा चौथा. नॉर्वेचे कार्ल टायगेन यांनी लोकांच्या नशिबाच्या हकिगती तपासल्या, तेव्हाही हेच पुढे आलं: नशीब चांगलं की वाईट हे काय घडलं यापेक्षा काय घडता घडता राहिलं यावर ठरतं. अपघातातून वाचलेल्याला आपण नशीबवान म्हणतो. त्या दिवशी ज्याला अपघात झालाच नाही त्याला कुणी म्हणत नाही. दोनदा दुसरे आल्यामुळे भाऊ स्वतःला करंटे समजत होते. खरं तर दोनदा दुसरं येणं हा ते निवडीच्या अगदी जवळ असल्याचा पुरावा होता.

त्यानंतरच्या पाच महिन्यांत त्यांनी आणखी चार ठिकाणी अर्ज केले. त्यातला एक त्या डावीकडच्या बाईंच्या संस्थेत, प्रशिक्षण विभागातल्या जागेसाठी. आधी स्वतः फोन करून चौकशी केली, तेव्हा जागा भरलेली होती. पुन्हा निघाली तेव्हा अर्ज टाकला. मुलाखत झाली. यादीत पुन्हा दुसरे.

मग पहिला आलेला उमेदवार आलाच नाही. त्याला दुसरीकडे काहीतरी बरं मिळालं म्हणे. जागा भाऊंना मिळाली.

फोनवर म्हणाले, “मॅडम, एवढं सगळं करून शेवटी नशीबच.” मी “हो” म्हणाले. कारण होतंच.

वेगळं काय करता आलं असतं

गणित इतक्या लवकर काढायला नको होतं. आधी “तुमच्या बाबतीत हे खरंच वाईट झालं” हे म्हणायला हवं होतं. ते ताईसमोर, चौथ्या भेटीत, भाऊंनी माझ्या तोंडून काढून घेतल्यावर म्हटलं गेलं. पहिल्याच भेटीत वडिलांच्या नोकरीची गोष्ट त्यांनी सांगितली होती, तेव्हा मी लिफ्ट आणि बसच्या किश्श्यांत जास्त रमले. ते किस्से रंजक होते, हेच कारण.

नोंदवहीत ‘नशीब’ शब्द नको, हे आता मी पाळते. आधी अंदाज, मग खूण. मागाहून आठवून लिहिलेलं चालत नाही.

ताईला बोलावणं कामी आलं, पण तो धोका होता. तिचे चौदा नकार मला आधी ठाऊक नव्हते, मी अंधारात खडा मारला होता. “पहिल्याच प्रयत्नात” असं उत्तर आलं असतं तर भाऊ मुदतीच्या पाच दिवस आधी आणखी खचले असते. आता मी अशा नातेवाइकाशी आधी एकटीने बोलते. गंमत अशी की या प्रकरणातली माझी सर्वांत चांगली खेळी ही पद्धत म्हणून चुकीची होती. फासा बरा पडला म्हणून निर्णय बरा वाटतो.

पेनाबद्दल मी अजून साशंक आहे. कबुतरांची गोष्ट सांगून मी त्यांचा एक आधार काढून घेतला. एलन लँगर यांनी १९७५ साली दाखवलं होतं की सोडतीचं तिकीट स्वतः निवडलेलं असलं की माणूस ते विकताना कितीतरी पट जास्त किंमत मागतो. निवड आपली, तर ताबाही आपला वाटतो. तो भ्रमच, पण मुलाखतीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला थोडा भ्रम परवडतो. भाऊ हसले म्हणून निभावलं. एखादा दुखावला असता.

आणि भाऊंना बरं वाटलं ते माझ्यामुळे का, हा प्रश्न आहेच. माणसं माझ्याकडे येतात ती सर्वांत वाईट काळात. सर्वांत वाईटानंतर सहसा थोडं बरंच येतं, कुणी काही केलं नाही तरी. फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात उंच आईबापांच्या मुलांची उंची मोजताना हे सरासरीकडे परतणं टिपलं होतं. सहा नकारांनंतर भाऊंना कधी तरी जागा मिळणारच होती, असंही म्हणता येईल. त्यांनी अर्ज केले, एवढं मी वहीकडे बोट दाखवून सांगू शकते. बाकीचं श्रेय मी स्वतःकडे घेत नाही. निदान लेखात तरी.

वर्षभराने ते पुन्हा आले, नुसतेच भेटायला. माझी आधीची भेट लांबली आणि त्यांना बाहेर दहा मिनिटं बसावं लागलं. आत आले तेव्हा हातात वही होती, तिसरी. आजचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. सकाळच्या तीन अंदाजांतला पहिला होता: “मॅडम वेळेवर भेटणार नाहीत.”

“पेन द्या जरा,” ते म्हणाले, आणि माझ्याच पेनाने त्यापुढे ‘खरं’ अशी खूण केली.